दाढ दुखत नव्हती

९ मार्च, सकाळ

माझ्या बाळ्या,

तुला आणि सूनबाईला आशीर्वाद, आणि त्या गुलाबी गोळ्याला या आजीचे शंभर पापे!

फोटो पोचला. शेजारणीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला. तो म्हणतो, "आजी, नाक तुमचंच." म्हटलं, "नाक असू दे रे, आवाज माझा घेतला नाही म्हणजे मिळवलं!" माझे पाय काही जमिनीला लागत नाहीत. टोपी विणली तर ती उशीएवढी झाली. उसवून परत विणायला घेतलीय.

काल सूनबाई बोलता बोलता म्हणाली, फरश्यांची खोकी घेऊन जिना चढलं की यांची छाती आवळते, डावा हात जड होतो, बसलं की थांबतं. मग तुला फोन केला तर तू म्हणालास, "आई, तुझ्या नातीला कडेवर घेऊन हात भरून येतो. बाप होणं सोपं आहे का?" मीही हसले. पण सकाळी उठून आधी कागद घेतला.

तुझे वडील गेले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, अचानक गेले, काही कळलंच नाही. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं होतं रे.

अकरा दिवस ते सांगत होते. दुकानाचा जिना चढले की जबडा ठणकायचा, छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. शिवताना टाचण्या दातात धरायची त्यांची खोड तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "धरा अजून तोंडात!" आणि टाचण्या लपवून ठेवल्या. मग दाताच्या डॉक्टरकडे नेलं. छातीचं बोललोच नाही, दाढ तेवढी दाखवली, आणि हट्टाने काढून घेतली. दाढ गेली, दुखणं राहिलं.

शेवटच्या दिवशी दुपारी मशीनवर बसल्या बसल्याच दुखायला लागलं. सदरा घामाने चिंब. म्हणाले, "अगं, दवाखान्यात जाऊ या का?" मी म्हटलं, "एवढी कोटाची बाही लावून टाका, गिऱ्हाईक बसलंय."

बाही लागली. जाणं राहिलं.

नंतर गल्लीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिना चढताना दाढ कशी दुखेल, आजी? चढलं की दुखतं, बसलं की थांबतं, ही हृदयाची खूण. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर एक मिनिट घालवायचं नाही." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. सूनबाईला मात्र सकाळीच बजावलंय, बसल्या जागी दुखलं तर पत्राची वाट बघू नको, ॲम्ब्युलन्स बोलव. शेजारचा टेम्पोवाला तिकडेच निघालाय, खाली हॉर्न वाजवतोय. तासाभरात हे पत्र घेऊन पोचेल. त्याला सांगितलंय, "याला मोठ्या दवाखान्यात सोडल्याशिवाय हलू नको." तुझं काम अर्धं राहू दे, मालक ओरडू दे. तिथे हाताचं, नातीचं काही सांगत बसू नको. आधी "छाती" म्हण. वडील कशाने गेले तेही सांग, आणि अकरा दिवस कुणी घालवले तेही.

त्यांना बसवून ठेवणारी,
तुझी आई