आखूड आस

८ सप्टेंबर, सोमवार
डेल्बर्टने पुन्हा तेच सांगितलंय. नेमबाजी क्लबच्या चिटणीस व्हर्नाबाईंनी फोनवर दुजोरा दिला, पत्रकात छापणारही आहेत — ‘माझी रिव्हॉल्व्हर इटलीहून खोक्यात आली तशीच आहे. बाकी हाताची करामत.’
अकरा वर्षं ती दुरुस्तीला माझ्याच तळघरात खोलली जाते!

११ सप्टेंबर
डेल्बर्ट येऊन गेला. वीस तारखेला संघाची निवड स्पर्धा आहे, तेवढा चाप जरा मऊ करून दे म्हणाला. यादीत तो पहिला. माझी मुलगी कॉरिन राखीव, सलग तिसऱ्या वर्षी.
मी पत्रकाचा विषय काढला. तो म्हणाला, “गस, नवरदेवाच्या फोटोत मला घ्या, असं न्हावी म्हणतो का कधी?”
मी हसलो. तेच जास्त झोंबतंय.

१२ सप्टेंबर
घोड्याच्या खाचेवरून बारीक दगड फिरवला. चाप आता लोण्यासारखा.
जुन्या घडणीची नक्कल केलेल्या या रिव्हॉल्व्हरींचं नेहमीचं दुखणं — गोळ्यांचं चक्र जिच्यावर फिरतं ती मधली आस आखूड. नळीखालच्या तिच्या भोकात तळाला टेकत नाही. नळी अडकवणारी पाचर कितीही ठोका, दर वेळी जोडताना नळी वेगळीच बसते आणि गोळ्या भरकटतात. म्हणून तळाशी पोलादी चकती घालावी लागते. डेल्बर्टच्या रिव्हॉल्व्हरमधली मी स्वतः घडवली होती. तीन संध्याकाळी गेल्या होत्या.

१३ सप्टेंबर
चकती काढून घेतली. खोक्यात आली तशीच हवी ना — घे!
कुणाला इजा होणार नाही. फक्त नेम चुकेल.
दुपारी डेल्बर्टने नेली. घोडा ओढून कानाशी धरला, मान डोलावली. आभार नाहीत.

१६ सप्टेंबर
झोप बरी लागली. याचीच लाज वाटते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
व्हर्नाबाईंनी कळवलं, मग कॉरिनने वाटेतून फोन करून पक्कं केलं. डेल्बर्टचा मोतीबिंदू पिकलाय. त्याने नाव मागे घेतलं. त्याच्या जागी कॉरिन. रिव्हॉल्व्हरही त्याने तिलाच दिली, म्हणून कॉरिन स्वतःची घरीच ठेवून गेली. सहा तासांचा रस्ता.
“बाबा, डेल्बर्टकाका म्हणाले, ‘डोळे मिटून भरवसा ठेव, तुझ्या बापाचं काम आहे.’”
मी बरं म्हणालो. एवढंच.
उद्या मैदानावर उतरण्याआधी ती सकाळी आठला फोन करेल, नेहमी करते. चकतीचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. पहिली फेरी नऊला.