सशांसाठी घेतलेली बंदूक

अण्णा, मी बंदूक घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एवढं लिहून मी आधी मागे वळून दाराकडे पाहिलं. तुमच्यासारखी ठासणीची नव्हे, चांगली रायफल, वर दुर्बीण लावलेली. तुम्ही विचाराल, ह्या वयात हे काय सुचलं? ते हिनेही विचारलं, मुलीनेही विचारलं, आणि परवान्यासाठी घरी आलेल्या पोलिसाने तर दोनदा विचारलं. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं, आणि त्यातलं कुठलंही खोटं नव्हतं. पण पुरं उत्तर द्यायचं तर ते तुम्हालाच देता येईल, म्हणून हे लिहायला बसलो आहे. सहावीपर्यंतचं शिक्षण, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही आता लंडनकडे राहत नाही. विमानतळावर पेट्या उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा हाउन्सलोचं घर विकून लीड्सच्या बाहेर मुलीजवळ आलो. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. घरामागे एका शेतवाल्याचं रान आहे, दगडी बांध घातलेलं. मी रोज त्याच्या फाटकावर कोपर टेकून उभा राहायचो. एक दिवस तो ट्रॅक्टरवरून ओरडला, "नुसता बघतोस काय? तो कोपरा पडीकच आहे. खण." मी खणला. मेथी लावली, मुळा लावला, कोबी लावला. अण्णा, ह्या देशात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या नखांत माती गेली. ही मेथी निवडायला बसली की तिच्या तोंडावर जे येतं, ते मी हाउन्सलोत कधी पाहिलं नव्हतं. तो कोपरा मला किती हवा होता हे मी कुणाला बोललो नाही, कारण मी बोललो की ती गोष्ट जाते, असा माझा अनुभव आहे.

आणि झालंही तसंच. ससे आले. इथले ससे म्हणजे आपल्याकडच्यासारखे एखादा दिसला तर दिसला असे नव्हेत. गावजेवणाला पंगत बसावी तसे बसतात. शेतवाला येऊन म्हणाला, "तुझ्या त्या हिरव्या गवतामुळे हे येतात आणि मग माझ्या गव्हात शिरतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंदोबस्त कर, नाहीतर मी कोपरा नांगरून टाकतो." मेथीला गवत म्हटल्याचं दुःख गिळून मी घाबरत घाबरत म्हणालो, "माझे वडील शिकारी होते." का म्हणालो देव जाणे. त्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "मग झालं तर! रक्तातच आहे तुझ्या."

तुम्ही, आणि शिकारी! दाराच्या वर दोन खुंट्यांवर ती बंदूक असायची, पीक राखायचा परवाना सरकारने दिलेला. रानडुक्कर वरकशीत, डोंगरउतारावरच्या आपल्या नाचणीत, उतरलं की तुम्ही ती काढायचात. आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा ठासायचा, मग छर्रे, मग परत बोळा, मग बार पेटवणारी टोपी बसवायची. तेवढ्यात डुक्कर जेवून हात धुऊन गेलेलं असायचं. आणि एखादं थांबलंच, तर तुम्ही नळी वर करून आधी "हुर्र्याऽऽ" अशी आरोळी द्यायचात आणि मगच बार काढायचात. मी एकदा म्हटलं होतं, "अण्णा, ओरडलात तर ते पळणारच ना!" तुम्ही नळीत फुंकर मारत म्हणालात, "जनावराला आवाज पुरतो." मी बंदुकीला हात लावायला गेलो, तर माझ्या हाताकडे बघून म्हणालात, "मेल्या, थरथरतोस काय? बंदूक आहे, सासू नव्हे." तो हात अजून थरथरतो. सासू केव्हाच गेल्या.

तर इथे बंदूक अशी दुकानात जाऊन आणता येत नाही. कोणत्या मापाची गोळी आणि कशासाठी, हे आधी पोलिसांना सांगायचं, ते परवान्यावर लिहितात, आणि मग तेवढीच घ्यायची. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे माझ्यासारख्याने आयुष्यात एकदाच काय तो निर्णय घ्यायचा आणि तोही आधी! मी बंदुकीच्या दुकानात इतक्या वेळा गेलो की तिथला म्हातारा दुकानदार मला बघितल्यावर किटली लावायला लागला. त्याने हिरव्या कापडावर तीन बंदुका मांडल्या. पहिली साधी बावीसची. तिला सायलेन्सर लावला की आवाज देवळात दाबलेल्या शिंकेएवढा. पण गोळी संथ, दगडावरून उसळते, आणि इथे तर जिकडे तिकडे दगडी बांध. दुसरी नव्याने निघालेली सतराची. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी, बंदुकीतून सुटते ती विजेसारखी. पण वाऱ्याने सरकते, आणि ह्या गावात वारा नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही. तिसरी जुन्या वळणाची, नाव हॉर्नेट, म्हणजे आपली गांधीलमाशी. काडतूस माझ्या करंगळीएवढं, मान बारीक केलेलं. "सशाला जरा जास्तच होते," दुकानदार म्हणाला, "पण शेतवाल्याच्या कोकरांवर कोल्हा येत असेल तर हीच बरी."

मी घरी येऊन काळजी करत बसलो. उसळली तर? सरकली तर? जास्त झाली तर? हिला विचारलं तर ती मुळा किसत म्हणाली, "अहो, सशाला काय फरक पडणार आहे? त्याला कुठे माप कळतंय?" तेव्हा मला तुमचा बैलबाजार आठवला. बैलाच्या तोंडाकडे बघू नको, तोंडं सगळ्यांचीच गरीब असतात, मागून बघ, असं तुम्ही सांगायचात. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी त्या जुन्या हॉर्नेटच्या मागे गेलो. दुकानदाराने नळीचं मागचं तोंड बंद करणारा तिचा खटका काढून बाजूला ठेवला आणि मी मागून नळीत डोळा लावला. आत गोल गोल चकचकीत वळणं गेलेली, एक डाग नाही. दुकानदार म्हणाला, "तुला कळतं की रे! गिऱ्हाईकं लाकूड बघतात, तू नळी बघितलीस." मी म्हणालो, "वडिलांनी शिकवलं." त्याने आदराने मान लववली. बैलाचं मी काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, "हिचा आवाज कडक आहे हं. सायलेन्सर बसवून देऊ?" मी म्हणालो, "नको." तो चष्म्यावरून बघत राहिला. सशांवर जाणारा माणूस सायलेन्सर नको म्हणतो हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पोलिस आला तो तरुण, उंच, जिन्याखाली वाकून लोखंडी कपाट भिंतीला नीट बोल्ट केलंय का बघत होता. शेजारी बासमतीची पोती. मग टेबलाशी बसून त्याने विचारलं, "कधी नैराश्य, अतिचिंता, असं काही?" खोटं बोलवेना. म्हटलं, "चिंता आहे." "कधीपासून?" "जन्मापासून." "कसली?" "गॅस बंद केला का, दार लावलं का, मुलगी पोचली का." त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे बंदुकीत गोळी राहिली नाही ना, हे तुम्ही दोनदा बघाल." मी म्हटलं, "तीनदा." तो हसला. "तुमच्या डॉक्टरांनाही विचारतो, पण मला बंदूकवाले असेच आवडतात. बिनधास्त माणसांची मला भीती वाटते." अण्णा, माझ्या घाबरटपणाचं कौतुक करणारा जन्मात एवढा एकच माणूस भेटला, आणि तोही पोलिस.

पण जाताना त्याने बॉम्ब टाकला. "कपाटाची किल्ली कुठे असते, हे तुमच्याशिवाय कुणालाही कळता कामा नये. बायकोलाही नाही." ही तेव्हा चहा आणि चिवडा घेऊन दारात उभी. तो गेल्यावर म्हणाली, "लग्न झाल्यापासून ह्या घरातली एक किल्ली अशी नाही जी माझ्याकडे नव्हती. आणि हा कालचा पोर मला सांगतो!" मी म्हटलं, "अगं, कायदा आहे." "कायदा? तुम्हाला तुमचा चष्मा सापडत नाही. तो कपाळावर असतो तेव्हाही सापडत नाही. आणि किल्ली तुम्ही सांभाळणार?" चार दिवस जेवण वाढलं पण भाजीत मीठ घातलं नाही. मी काही बोललो नाही. मीठ मागायला गेलो असतो तर डबा कुठे आहे हे मला कळता कामा नये, असं ऐकावं लागलं असतं.

मग परवाना आला, बंदूक आली, आणि आठवड्याभरात खंडेनवमी. हिने सकाळीच सांगितलं, "इतकी वर्षं मी शस्त्र म्हणून तुमच्या पान्याला आणि कात्रीला फुलं वाहिली. घरात खरं शस्त्र आलं ते काय जिन्याखाली अंधारात ठेवायचं?" तिला स्वयंपाकघरात बसवून मी किल्ली काढली, बंदूक तपासली, खटका उघडा टाकून पाटावर ठेवली. हिने हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या, आणि बंदुकीला हात जोडून म्हणाली, "ह्यांच्या हातून कुणाला काही होऊ देऊ नकोस." सशांबद्दल ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी रानात गेलो तर खटका मिटेना. गेलो दुकानात. म्हाताऱ्याने बारीक चिमटा आत घालून एक लाल दाणा बाहेर काढला आणि उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"तांदूळ."

"लाल?"

"कुंकू लावलेला." त्याला काय सांगावं कळेना. म्हटलं, "काल तिचा वाढदिवस होता."

त्याने तो दाणा बंदुकीशेजारी हिरव्या कापडावर ठेवला. मग म्हणाला, "माझ्या बायकोलाही मी एवढं करत नाही." आणि नळीही पुसून दिली.

दुसऱ्या सकाळी मी रानात पालथा पडलो. समोर माझे वाफे, वाफ्यांमागे मातीचा उंच बांध. दुर्बिणीतून बघतो तर ससा हातभर अंतरावर आल्यासारखा. तो मुळ्याचा पाला खात होता. अण्णा, मुळ्याच्या पाल्याची भाजी आमच्या घरात मी सोडून कुणी खात नाही. नातवंडं ताटाच्या कडेला सारतात, मुलगी "नंतर खाते" म्हणते. आणि हा मिटल्या डोळ्यांनी, मिशा हलवत, देठासकट खातो आहे! माझा हात थरथरायला लागला. आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, "हुर्र्याऽऽ" निघालं. ससा उधळला, मग मी बांधाच्या मातीत बार काढला. काय आवाज होता तो! झाडावरचे सगळे कावळे उठले, आणि ससे, होते नव्हते तेवढे, दगडी बांधाच्या फटीतून पलीकडे गेले. मी मग रोज सकाळी जाऊ लागलो. एक आरोळी, एक बार. शेतवाला लांबून ट्रॅक्टरवरून अंगठा दाखवायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो कोपऱ्यावर आला. मेथी गुडघ्याला लागलेली. त्याने आपला गहू बघितला, माझा कोबी बघितला. "किती मारलेस?" मी म्हटलं, "एकही नाही." खोटं बोलायला तिथे जागाच नव्हती, एक कातडं दाखवता आलं नसतं. "मग गेले कुठे?" मी बांधापलीकडे बोट केलं. तिकडे शेजाऱ्याची बार्ली होती, न्हाव्याने मशीन फिरवावी तशी कडेने बारीक केलेली. ह्या दोघांचं एका फाटकावरून भांडण होतं आणि मी इथे यायच्या आधीपासून ते बोलत नव्हते. शेतवाला दगडी बांधावर चढून ती बार्ली बघून आला. मग असा हसला की टोपी खाली पडली. डोळे पुसत म्हणाला, "कोपरा तुझा. वरचा तुकडाही खण. आणि तो आवाज, तसाच करत राहा."

तेव्हा मला लख्ख दिसलं, अण्णा. आपल्या वरकशीतून उठलेली डुकरं नेहमी उजवीकडे जायची, काकांच्या भातात. काकी बांधावर उभी राहून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि तुम्ही दात कोरत म्हणायचात, "रानातलं जनावर, त्याला कुणाचा बांध काय कळणार?" आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तुमचा नेम वाईट आहे!

दुकानदाराला सायलेन्सर नको म्हटलं ते हे कळायच्या आधीच. मला तुमचा बार ऐकायचा होता. पोलिसाला मी पीक आणि कोकरं सांगितली, हिला शेतवाल्याचा धाक सांगितला, आणि ते सगळं खरंच होतं. पण तीन बंदुकांतून ही का, असं तुम्ही विचाराल तर आवाजासाठी.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि घरातही ठेवता यायचं नाही, कारण मी त्यात लिहिणार होतो की कपाटाची किल्ली तुम्ही मला इकडे निघताना दिलेल्या चुन्याच्या पितळी डबीत असते. मग वाटलं, तुमच्याकडे परवाना होता खरा, पण ह्या देशाचा नाही. म्हणून सोमवारी मी जागा बदलली. आणि अण्णा, आता ती जागा मला आठवत नाही. तीन दिवस मी रिकाम्या हाताने रानात जातो, नुसती आरोळी देतो, आणि ससे तरीही पळतात. शेतवाल्याला अजून कळलेलं नाही. हिला विचारलं असतं, पण धीर होत नाही. तिला ठाऊक असलं तर?