माझ्या रक्तावर सेट केलेलं मशीन

३ फेब्रुवारी, सकाळी ८
१. रक्ताचं मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायची, ठरलेल्या आकड्याच्या रक्ताची कंट्रोलची बाटली संपली. नवी कधी येईल, माहीत नाही.
२. तिच्याऐवजी मी स्वतःचं रक्त काढून लावलं. हिमोग्लोबिन १३.१.
३. डॉक्टर छायामॅडम म्हणाल्या, बाटली येईपर्यंत असंच चालवून घे.
४. म्हणजे कर्जतच्या या दवाखान्यात नॉर्मल कोण, तर मी.
दिवसभर आजारी माणसांच्या शिरा शोधते. आपण धडधाकट आहोत याची जाणीव हवी. संकल्प: रोज एक ओळ कृतज्ञतेची.

११ फेब्रुवारी
कृतज्ञता: भूक, झोप. वय सव्वीस, एकही गोळी चालू नाही.
(रोज लिहिणं जमलं नाही. उद्यापासून.)

२४ फेब्रुवारी
माझं ११.६. मशीन जुनं झालंय. नेरळला घरी तीन जिने चढताना दोनदा थांबले. ऊन लवकर सुरू झालंय.
कृतज्ञता: पाय.

१७ मार्च
माझं १०.२. पाळी अकरा दिवस चालली, पण ती ताणामुळे. मी आजारी नाही, म्हणजे मशीन कमी दाखवतंय. कॅलिब्रेशनचा, म्हणजे मशीन जुळवायचा, आकडा वाढवला. माझं पुन्हा १३.१. बरं वाटलं. मॅडमना सांगण्याइतकं काही नाही.

१९ मार्च
आशा सेविका सुनिताताई ठाकुरवाडीच्या जिजाला घेऊन आल्या. सातवा महिना. हिमोग्लोबिन ८.८. सातच्या खाली असतं तर रक्त चढवायला पाठवलं असतं. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या.
सुनिताताई हटेनात. "कागद काय बी म्हनू दे. पोरीच्या पापन्या आतून पांढऱ्या फट हायत." मी म्हटलं, हिमोग्लोबिन डोळ्यांनी मोजत नाहीत.
जिजा हसली. "आदी तुमचं रगात काडा गं बाई. माज्यापरीस तुमीच पांढऱ्या दिसता."
दोघी हसल्या. मी पुढच्या पेशंटला बोलावलं.
कृतज्ञता: जिजासारखं सातव्या महिन्यात घाट उतरून यावं लागत नाही.

८ एप्रिल
जिजा घरीच बाळंत झाली, दिवस भरायच्या आधी. रक्त फार गेलं. पनवेलला नेलं. मूल गेलं. जिजा अजून शुद्धीवर नाही.
सुनिताताईंचा फोन. "हितं चार निगालं. तुमच्या कागदावर आठ व्हतं ना?" मी समजावलं, रक्त गेल्यावर आकडा उतरतोच. फोन मीच आधी ठेवला.
कृतज्ञता: सुचलं नाही.

१० एप्रिल
खोपोलीच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. नाव दुसरं सांगितलं. ८.९. पुन्हा तपासायला लावलं. ८.९.
मशीन बरोबर होतं. मी वाढवलेला आकडा काढला, तर जिजाचं तेव्हाच ६.९ असणार.
मॅडमना पाठवलेला मेसेज:
"मॅडम, १७ मार्चला मी तुम्हाला न विचारता कॅलिब्रेशन बदललं. तेव्हापासूनचे त्रेसष्ट रिपोर्ट चुकीचे आहेत. त्यांत नऊ गरोदर बायका आहेत. यादी जोडली आहे. सगळ्यांना परत तपासायला हवं. सुनिताताईंना मी सगळं सांगितलंय, त्या घरोघर जायला तयार आहेत. जिजाच्या घरी मी स्वतः सांगेन. उद्या, शुक्रवार ११ एप्रिलला, ओपीडी सुरू व्हायच्या आधी उत्तर द्या."