बांधावरचा माणूस

ती. आप्पा,

गौतमीचा जयभीम. पत्र बघून घाबरू नका, मी बरी हाय. कंपनीत लागल्यापासनं तुम्ही माझा फोन उचलत न्हाई, म्हणून लिहितीय.

इथं रांजणगावच्या रूमवर मी आन् सायली मोबाईलवर एक मोठी गोष्ट रोज थोडी थोडी ऐकतो. त्या गोष्टीत नोकरीसाठी घर सोडलेली अनसूया परत येते, तर बाप दार उघडत न्हाई. ऐकणाऱ्यांचा एक ग्रुप हाय, तिथं सगळे टोपणनावानं लिहितात. त्यातला 'बांधावरचा' चार महिने माझ्याशी भांडतोय. मी बापाची बाजू घेते, त्यो पोरीची. म्हणतो, "बाप चुकलाय, ताई. पण कबूल करायला जीभ रेटत न्हाई त्याची." हसवतो बी लय. मला ताप आला तवा औषध घेतलं का, हे रोज त्यानंच विचारलं.

काल त्यानं पहिल्यांदाच बोलून मेसेज पाठवला. "चष्मा फुटलाय, ताई, म्हणून बोलतोय."

माझ्या हातातलं ताट पडलं. आप्पा, आवाज तुमचा! मागनं आई खोकत होती. तिचा खोकला अजून गेला न्हाई का?

ग्रुपवर तुम्ही जिला ताई म्हणता, ती 'शिफ्टवाली' मीच. बसा आता तुम्ही बी हबकून.

चष्मा न्हाई, म्हंजी हे आईच वाचून दाखवत असणार. आई, त्यांच्या तोंडाकडं बघ जरा.

गुरुवारी सुट्टी हाय, दुपारपर्यंत येते. दार न्हाई उघडलं तर ग्रुपवर सगळ्यांना सांगीन, बांधावरचा बोलतो एक आन् करतो एक.

तुमचीच,
शिफ्टवाली