आक्काबाईंची वाफ

सोनई

प्रिय आई,

दुरूनच पाया पडते. फोनवर तू माझा खोकला ऐकलास, म्हणून लिहिते. तीन आठवडे झाले, पण ताप नाही, जेवण जातं. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

मी शाळेतून आले की घरमालकीण आक्काबाई ओवा घालून पाणी उकळतात आणि माझ्या डोक्यावर गोधडी टाकतात. काल माझे डोळे वाहिले.

"रडती व्हय गं, मास्तरीनबाई? आईची आठवन आली?"

"वाफेनं होतंय."

"व्हय, लई वाफ हाय," त्या म्हणाल्या.

खोकला सैल झालाय. पण बाबांनी सहा महिने लपवला, तसं मी करणार नाही. सोमवारी नगरला छातीचा फोटो काढते. काहीही निघालं तरी आधी तुला सांगेन.

तुझी,
सुनीती