शिवलीलाअक्कांचा कोड

३ ऑगस्ट १९९८
लागले एकदाची नोकरीला! गारगोटीहून पहिल्या एसटीने निघाले आणि साडेनऊला शिरोलीच्या कारखान्यात हजर. राहायला इथेच जवळ खोली घेतलीय. काम टेलिफोन ऑपरेटरचं. नवं मशीन आलंय: बाहेरच्या चार लाइनी, आतले चाळीस फोन, लाल-हिरवे दिवे. शिकवायला निपाणीच्या शिवलीलाअक्का, सहा वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्या. परदेशी फोनला आपापला चार आकडी कोड दाबायचा, म्हणजे कुणी लावला ते यादीत छापून येतं. बाहेरच्या माणसाला बाहेरची लाइन कधीच जोडून द्यायची नाही, बिल कारखान्यावर पडतं, हे त्यांनी तीनदा बजावलं. कामगार दारातून डोकावून, "अक्का, आमाला बी लाइन द्या की," म्हणून चिडवतात. अक्का म्हणतात, "घरी बायकूला माग जा." मी पोट धरून हसले. मॅनेजर मगदूमसाहेबांनी मात्र स्पष्ट सांगितलं, या मशीनला दोघी लागत नाहीत, दिवाळीनंतर एकच राहील.

१२ ऑगस्ट
फोन उचलला की पलीकडून एकच: "अक्का न्हाईत व्हय?" मी प्रेरणा, काय काम, असं विचारलं तर म्हणतात, नको, अक्का आल्या की करतो. गगनबावड्याच्या ट्रकवाल्यापासून मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना तोच आवाज हवा. आणि आईसुद्धा! काल तिने कारखान्यात फोन केला, अक्कांनी उचलला, तर मला म्हणते, किती गोड बोलतात गं त्या, तूही तसं शीक. काय आहे एवढं त्या कानडी हेलात? खोटं कशाला लिहू, जळते मी. आज त्यांनी डब्यातली शेंगापोळी दिली, तीही मी परत त्यांच्याच डब्यात ठेवली.

२० ऑगस्ट
अक्का जेवायला गेल्या तेव्हा सयाजी नावाच्या माणसाचा फोन आला. टेलिफोन खात्यातून बोलतो, लाइन तपासायची आहे म्हणाला. मला बाहेरची लाइन जोडा, कोड दाबा आणि फोन ठेवा, एवढंच काम. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात म्हणाला, "बाई, आवाज काय हाय वो तुमचा! त्या दुसऱ्या बाईंचं काय न्हाई त्यापुढं." सतरा दिवसांत हे पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं. दिली जोडून. माझा कोड दाबताना मात्र बोट अडलं. अक्कांचा मला पाठ आहे. तोच दाबला.

४ सप्टेंबर
रोज एक वाजता त्याचा फोन येतो. लाइन मागण्याआधी मला बोलायला लावतो. आकडे म्हणा, घरच्यांची नावं सांगा, हसून दाखवा. तारेतून आवाज कसा जातो ते बघायचंय म्हणे. खात्याला असलं काही लागत नाही, हे न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. पण अक्कांना सांगितलं तर हा एक ऐकणाराही त्यांचाच व्हायचा.

१६ सप्टेंबर
मगदूमसाहेबांनी मशीनची छापील यादी टेबलावर आपटली. कधी नावंही न ऐकलेल्या देशांत फोन, रोज दुपारी, सगळे अक्कांच्या कोडवर. अक्का म्हणाल्या, "त्या टायमाला मी जेवत असते, सायेब. ह्या पोरीला इचारा की." साहेबांनी विचारलं. मला काही माहीत नाही, म्हणाले मी. साहेबांनी अक्कांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्यांनी डबा उचलला आणि निघून गेल्या. खुर्ची माझी झाली. मला आनंद झाला, तोही लिहून ठेवते.

१८ सप्टेंबर
सकाळपासून अकरा जणांनी विचारलं, "अक्का, बऱ्या हायसा न्हवं?" मी प्रेरणा म्हटलं की हसतात. आवाज तर तुमचाच की, म्हणतात. मगदूमसाहेब तरातरा केबिनबाहेर आले, अक्कांना आत कुणी घेतलं म्हणून. खुर्चीत मला एकटीला पाहून परत आत गेले.

२१ सप्टेंबर
हातकणंगल्याच्या एका सूतगिरणीतून तिथल्या ऑपरेटरचा फोन. भडकली होती. म्हणे तुमच्याकडची प्रेरणा रोज फोन करते, लाइन तपासते म्हणून गोड बोलते आणि आमची लाइन घेते. मी एकही फोन केलेला नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, तुम्ही नाही हो अक्का, ती पोरगी.

२२ सप्टेंबर
एक वाजता सयाजी. मी म्हणाले, माझा आवाज परत द्या. ते बोलणंही अक्कांच्याच आवाजात निघालं. तो म्हणाला, "लाइन तुमीच दिली की, बाई." आता परत मिळायचा नाही, लई चालतोय म्हणे. मग हसला. माझं हसू — ते माझं —

२३ सप्टेंबर, सकाळी
गारगोटीला फोन लावला. आई म्हणाली, अक्का, प्रेरणानं आत्ताच कळवलं, नोकरी सोडून घरी येतेय. ती मी नव्हे म्हणून ओरडले. आई घाबरली. अक्का, असं काय करता — तिने फोन ठेवून दिला. नंतर लागतच नाही. साहेब खुर्ची सोडू देत नाहीत —

दुपारी
आईचा फोन. काळजी करू नका म्हणते. "आली बघा प्रेरणा, भायेरनं हाक मारतीया." मी सांगतेय, दार उघडू नको — आई, मी इथे — ऐकत नाही. तिने रिसीव्हर बाजूला ठेवला. लांबून माझा आवाज. आई म्हणतेय, आले गं, आले — कडी —