सात नंबरवरचा कोरा कागद

१८ जून २०१९, मंगळवार
ऑर्विल टिब्ज हा डीजे सहा जुलैला जॅक्सन पार्कच्या हाउस म्युझिकच्या पिकनिकला वाजवणार. तीन ते पाच. चौतीस वर्षांपूर्वी माझ्या तळघरात, माझ्या दोन टर्नटेबलांवर रेकॉर्ड मिसळायला शिकला. आता वाजवायला बर्लिनला विमानानं जातो. मला स्टेजवर बोलावणारच. सात नंबरची रेकॉर्ड फक्त माझ्याकडे आहे.

त्या काळी चांगली रेकॉर्ड मिळाली की लेबलवर कोरा कागद लावायचा, म्हणजे दुसऱ्या डीजेनं मान वाकडी करून नाव वाचू नये. बाकीचे टेप लावत. मी डिंक. टेप निघते. वर आकडा घालायचा. नावाची मला गरज नाही. रेकॉर्ड हाताला कळते.

२६ जून, बुधवार
संकल्प: रोज एक तास सराव. सात नंबर वगळून, झिजेल.

व्हरडेलनं विचारलं, ऑर्विलला फोन तरी केलास का? सांगितलं, कलावंत फोन करून जागा मागत नाही. म्हणाली, बरं महाराज, मग कलावंतानं कचरा तरी बाहेर ठेवावा. तीस वर्षांच्या संसारात हे ऐकावं लागतं.

५ जुलै, शुक्रवार
सराव एकूण चाळीस मिनिटं. दर्जा उच्च. पांढरा शर्ट इस्त्री केला. व्हरडेलनं रिब्जना मसाला चोळून ठेवला. मीठ जास्त.

६ जुलै, शनिवार
सकाळी ७. तंबू ठोकला. स्टेजपासून अकरा पावलं.

३.०४. ऑर्विलचं पहिलं मिक्स अर्धा ठोका मागे. कोणाला कळलं नाही. खुर्च्यांतल्या आज्यासुद्धा उठून नाचतायत. व्हरडेलनं नाचायच्या फळ्यांवर पाय सरकायला पावडर टाकली, चपला काढल्या. मी नाचलो नाही. रेकॉर्डची बॅग उभी धरावी लागते.

४.२०. ऑर्विलनं आमच्याकडे बघून हात केला. मी दोन पावलं पुढे गेलो. हात व्हरडेलला होता.

४.३५. सात नंबर वाजली. त्याच्याकडून. पेन ड्राइव्हवरून. सगळं पार्क शब्दांसकट गात होतं. मग माइकवर म्हणाला, व्हरडेल, माझे बाई, शहाऐंशी साली तू या गाण्याचं नाव फोडलंस, नाहीतर अजून शोधत बसलो असतो! टाळ्या.

व्हरडेलला जाब विचारला. म्हणाली, अरे, अख्ख्या तळघराला ठाऊक होतं. तू लपवताना इतका खूश दिसायचास, कोणाला सांगवेना.

मी म्हणालो, त्याच्या प्रतीचा आवाज पातळ आहे. ती परत नाचायला गेली.

७ जुलै, रविवार
त्याची आणि माझी एकच आहे का, हे खात्रीनं ठरवायला किटलीच्या वाफेवर कागद सोडवला. डिंक उत्तम. कागदाबरोबर लेबलही आलं. एकही अक्षर उरलं नाही.

गाण्यात नाव कुठेच येत नाही. रेकॉर्ड दोनदा हातात धरून पाहिली.

शेवटी व्हरडेलला नाव विचारलं. रिब्जचा ट्रे घासता घासता तेच गुणगुणत होती. म्हणाली, ऑर्विलला फोन कर की.

त्याचा नंबरही तिच्याकडेच आहे.